विधवेच्या गोळ्या

नवरा जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, तेव्हा मी गावच्या उपकेंद्रात गेले आणि नर्सबाईंकडे पाळणा लांबवायच्या गोळ्या मागितल्या. कपाळ मोकळं, गळा मोकळा, वय पंचेचाळिशीच्या पुढे. नर्सबाई लसीचं खोकं हातात धरून तशाच माझ्याकडे बघत राहिल्या.

"कोणाला पाहिजेत?"

"मला."

"तुम्हाला?"

"मलाच. का, संपल्या का?"

संपल्या नव्हत्या. खोलीच्या कोपऱ्यात पेटी भरून पडली होती. नर्सबाई चांगल्या होत्या, बाहेरगावच्या होत्या. त्यांनी दार लोटलं, मला स्टुलावर बसवलं आणि दंडाला पट्टा बांधून फुगा दाबायला लागल्या. प्रेशर बघितलं. मग विचारलं, पोटरी दुखते का, पायाला सूज येते का, डोकं धरतं का, डोळ्यापुढे अंधारी येते का. मी म्हटलं, नाही. मिश्री लावता का? लावते म्हटलं. बंद करा म्हणाल्या. गोळ्यांची पाकिटं माझ्या हातात ठेवताना त्यांनी आवाज बारीक केला. "ताई, माणूस चांगला आहे ना?"

मी म्हटलं, "चांगला आहे."

गोळ्या माझ्या धाकट्या लेकीसाठी होत्या. ती मुलगा म्हणून जन्मली. विशीपर्यंत मी तिला मुलगाच समजत होते. थोरली लग्न होऊन सिन्नरकडे गेली होती, घरात आम्ही दोघीच. गंगापूर रोडच्या पलीकडे आमचं थोडं रान होतं, त्यात झेंडू, शेवंती, कडेला गुलाब. सकाळी फुलं खुडून टेम्पोने नाशकाच्या बाजारात न्यायची आणि उरलेल्याचे दुपारी घरी हार करायचे. ओवायला ती माझ्यापेक्षा चलाख होती. गावातली पोरं तिला बायल्या म्हणायची. मी म्हणायचे, म्हणू देत, हाताला काम आहे ना.

एके दुपारी ओवता ओवता ती म्हणाली, "आई, मी मुलगा नाही."

मी म्हटलं, "मग कोण आहेस, तहसीलदार?"

ती हसली नाही. बोलत राहिली. मला निम्मं कळलं, निम्मं नाही. लहानपणापासून आतून बाई आहे, असं म्हणाली. मी हातातला हार पुरा केला, कारण संध्याकाळी तो लग्नघरी द्यायचा होता. मग ती म्हणाली, "मी त्या लोकांबरोबर जाणार आहे. कापून घ्यायला."

"काय कापून?"

तिने सांगितलं.

माझं लग्न झालं, दोन बाळंतपणं झाली, नवरा माझ्या मांडीवर गेला. मला वाटत होतं, आता अंगावर काटा येईल असं जगात काही उरलं नाही. त्या दिवशी मी फुलांच्या ढिगाशेजारी बसले होते ती उठूच शकले नाही. 

पण ऐकीव गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही. फुलबाजारात दुकानांपुढे मागायला हिजड्यांची एक गुरू यायची. माझ्याच वयाची, आडव्या हाडाची, दातांवर पानाचा लाल थर. मी तिला पाटीशेजारी बसवलं आणि सरळ विचारलं, ते कसं करतात?

"अम्मा, तुला कशाला?"

"माझ्या पोराला करायचंय."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग सांगितलं. दाई असते, ती सुरीने करते. गुंगीचं औषध नाही. देवीचं नाव घ्यायचं आणि केस तोंडात धरायचे. रक्त थांबवत नाहीत, वाहू देतात. त्याच्याबरोबर मर्दपणा जातो म्हणतात.

"मरतात?"

"आम्ही तिघी बसलो होतो. दोघी उठलो."

"आणि तिसरी?"

"तिसरीचं काय विचारते." तिने माझ्या पाटीतला गुलाब उचलून अंबाड्यात खोवला. "मुंबईला सरकारी दवाखान्यात पण करतात म्हणे. सुई देऊन, झोपवून. पण अम्मा, तिथे थांबून थांबून माणूस म्हातारा होतो. जवान पोरी थांबत नाहीत." आणि पुढच्या दुकानापुढे जाऊन तिने टाळी वाजवली.

घरी येऊन मी लेकीला म्हटलं, "दवाखान्यात करू. ते करतो म्हणतात तोवर सुरीकडे जायचं नाही."

"तू करून घेऊ देशील?"

"मेलेल्या पोराचं मी काय करू?"

तिने हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "मी थांबते. पण मला किती थांबवेल ते मला माहीत नाही." त्या दिवसापासून माझ्या आयुष्यात एकच काम उरलं. तिला थांबवून धरायचं.

नाशकातल्या डॉक्टराने ऐकून घेतलं, हसला आणि मुंबईचा रस्ता दाखवला. आम्ही मुंबईला गेलो. ज्या विभागात कापतात त्यांनी सांगितलं, आधी मनाच्या डॉक्टरकडे जा. मनाचा डॉक्टर आठवड्यातून एकदा बसायचा, तो दिवस नव्हता. पुढच्या आठवड्यात परत गेलो. त्याने आधी मलाच विचारलं, "लहानपणी याला मुलीचे कपडे घालायचात?"

मी म्हटलं, "घालायचे. थोरलीची झबली होती, ती काय फेकून देऊ?"

त्याने ते लिहून घेतलं. मला आजही कळत नाही, त्यात लिहिण्यासारखं काय होतं. आमच्या गावात अर्धी पोरं बहिणींच्या झबल्यात वाढली आणि पुढे सात-सात पोरांचे बाप झाली.

मग त्याने शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं. पांढरे कोट घातलेली कोवळी पोरं-पोरी, खोली भरली. त्याने लेकीला कपडे काढायला सांगितलं. पडदा नाही, आडोसा नाही. एक पोरगी तोंडावर हात धरून दुसरीच्या कानात काही बोलली. मी उठले आणि पदर पसरून लेकीच्या पुढे उभी राहिले.

"काय बघायचंय ते पुस्तकात बघा."

डॉक्टर म्हणाला, "मावशी, तपासू दिलं नाही तर उपचार होणार नाही. तुमची मर्जी."

मागून लेकीने माझा खांदा धरला. "आई, सरक."

"नाही सरकत."

"सरक. बघू दे त्यांना. बघितलं तर करतील."

मी सरकले. भिंतीवर कुटुंबाचं एक चित्र लावलेलं होतं, आई, बाप आणि दोन गुबगुबीत पोरं. मी त्याच्याकडे बघत राहिले. मागे डॉक्टर इंग्रजीत बोलत होता आणि कागदावर पेनं चालल्याचा आवाज येत होता. बाजारात म्हैस घेताना गिऱ्हाईक दात बघतं, पाठ दाबून बघतं. पण म्हशीवर पोरं हसत नाहीत.

बघितलं, पण केलं काही नाही. वर्षभर येऊन बोलत राहा म्हणाले. ती बोलत राहिली. दर खेपेला आम्ही अंधारात निघायचो, कसारा घाटात तिला गाडी लागायची. वर्ष होत आलं तेव्हा तो डॉक्टर बदलून गेला. नवा आला, तो म्हणाला, "मला ही केस माहीत नाही, पहिल्यापासून सुरू करू." पहिल्यापासून म्हणजे झबल्यापासून. त्याच्याकडे बोलणं पुरं झालं तर कापणाऱ्या विभागातले म्हणाले, असं ऑपरेशन केलं आणि उद्या कोणी तक्रार केली तर आमच्यावर पोलीस केस होईल, वरून लेखी परवानगी येऊ द्या. वर म्हणजे कुठे, ते कोणालाच सांगता आलं नाही. मध्ये डॉक्टरांचा संप झाला. मध्ये पावसाने घाट बंद झाला.

मी रॉकेलच्या रांगेत उभी राहिले आहे, खताच्या रांगेत उभी राहिले आहे. रांगेत आपल्या पुढे माणसं दिसतात. ती एकेक करून कमी होतात आणि माल संपला तर दुकानदार फळी लावतो, मग आपण शिव्या देऊन घरी जातो. इथे आमच्या पुढे कोणीच नव्हतं. नाही म्हणायलासुद्धा कोणी नव्हतं. सगळे म्हणायचे, बघू.

एक दिवस तिच्या उशाखाली कागदात बांधलेल्या सुट्या गोळ्या सापडल्या. लाल, पिवळ्या, कशाच्या ते माहीत नाही. दंडावर सुईचे डाग होते. मी दंड धरून विचारलं तेव्हा कळलं की स्टँडच्या मागे एक माणूस बसतो, तो हिच्यासारख्या पोरींना इंजेक्शन देतो. पाच जणींना एकच सुई.

"काय असतं त्यात?"

"छाती येते म्हणतात."

"कोण म्हणतं? तो? तो कोण, डॉक्टर?"

"पूर्वी हमाली करायचा."

 हमाल! मुंबईला एवढे डॉक्टर, एवढे शिकाऊ, एवढे मजले, आणि माझ्या पोराच्या दंडात सुई खुपसणारा कोण, तर हमाल.

मग तिने सांगितलं, गुरूच्या चेल्या आणखी एक गोळी खातात, सगळ्याच खातात. पाकीट दाखवलं. मी बघितलं तर आमच्या उपकेंद्रातलंच पाकीट. थोरलीच्या पाठीवर मी स्वतः त्या गोळ्या खाल्ल्या होत्या. सरकार गावोगाव फुकट वाटतं, बायकांना बोलावून बोलावून देतं. मी चौथीपर्यंत शिकले. मला वाटलं, जी गोळी सरकार फुकट वाटतं, ती हमालाच्या सुईपेक्षा बरी असणार. चेल्या मुठीने खातात ते चुकीचं. बाईमाणूस जसं खातं तसं खाल्लं तर काय होतंय? मी तिला म्हटलं, "सुई बंद. गोळी मी आणून देईन. रोज एक, माझ्या हाताने, जेवणानंतर. पाकीट माझ्याकडे राहील."

ती कबूल झाली. गावातला औषधवाला माझ्या धाकट्या जावेचा मावसभाऊ, त्याच्याकडे मागण्यापेक्षा नर्सबाई बऱ्या. म्हणून मी त्या दिवशी उपकेंद्रात जाऊन बसले.

दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला धाकटी जाऊ नातवाला डोस पाजायला तिथे आली होती. तिने पाकीट बघितलं. संध्याकाळी विरजणाला वाटी घेऊन माझ्या दारात.

"जाऊबाई, थोडं विरजण हाय का?"

"तुझ्याकडे दोन म्हशी. माझ्याकडे विरजण मागते?"

ती आत येऊन बसली. इकडे तिकडे बघितलं. पलंगाखालीसुद्धा बघितलं. "जाऊबाई, मी कोणाला सांगत नाय. पण खरं सांगा. कोण हाय तो?"

"कोण तो?"

"आता मला काय शिकवता. मोटारवाला ना?"

मोटारवाला म्हणजे आमच्या विहिरीवरची पाण्याची मोटार दुरुस्त करणारा. साठीचा, एका डोळ्याने अधू, बोलताना थुंकी उडवणारा. मी म्हटलं, "तुला तेवढाच मिळाला का माझ्यासाठी?"

"मंग कोण? दुसरं कोणी येतच नाय तुमच्याकडं."

"शोध. सापडला की मला पण सांग."

आठवडाभरात गावभर झालं. पाण्यावर बायका गप्प व्हायच्या. दीर रस्त्यात मला बघून मान वळवायचा. आणि मोटारवाल्याने येणंच बंद केलं, कारण त्याच्या बायकोने त्याचे पाने-पकडी कोठीत घालून कुलूप लावलं होतं. ऐन शेवंतीच्या दिवसांत आमची मोटार जळून पडली आणि मी लांबच्या गावाहून माणूस आणला. तो तरणा होता. मग तर विचारू नका.

पण एक झालं. लेकीला बायल्या म्हणणारे गप्प झाले. गावाला माझा विषय मिळाला होता, तो मोठा होता. लेकीच्या कानावर आलं तेव्हा ती रडायला लागली. "आई, माझ्यापायी तुझी बदनामी झाली."

"गप. या वयात मला कोणी विचारतंय असं गावाला वाटतं. त्यात बदनामी कसली?"

त्या गोळ्यांनी तिला थांबणं जमायला लागलं, हे मी डोळ्यांनी बघितलं. रात्री जेवण झालं की ती हात पुढे करायची, मी गोळी ठेवायची. मुंबईच्या डॉक्टरांनी "बघू" म्हटलं तरी घाटात ती आता गाणं गुणगुणायची. तिच्या चेहऱ्याची कातडी मऊ झाली, छाती थोडी भरली, ती मोठे शर्ट घालायला लागली. सुरीचं नाव घरात निघेनासं झालं. मला वाटलं, जमलं. अशीच धरून ठेवू, दवाखान्याला कधी तरी लाज वाटेल.

पाकीट देताना नर्सबाई दर खेपेला माझ्या दंडाला पट्टा बांधायच्या. पोटरी दुखते का, पाय सुजतो का. मी नाही म्हणायचे. माझी पोटरी खरंच दुखत नव्हती.

दसऱ्याच्या आधी आम्ही दिवस दिवस मांडी घालून झेंडू ओवत होतो. लेकीची डावी पोटरी दुखत होती. तिने मला सांगितलं नाही. सांगितलं तर मी गोळ्या बंद करीन ही भीती. लंगडत होती तर मी म्हटलं, बसून बसून अवघडली असेल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठली नाही. पांघरूण काढलं आणि मी ओरडले. मी कधी ओरडत नाही. पाय खांबासारखा सुजला होता, मांडीपर्यंत, चकचकीत, निळसर. तिला नीट श्वास घेता येत नव्हता.

ओरडा ऐकून जाऊ धावत आली. तिनेच जीप थांबवली, तिनेच पाय उचलून धरला. नाशकाच्या दवाखान्यात नेलं. पुरुषांच्या वॉर्डात खाट मिळाली. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. पाय दाबून बघितला, छातीला नळी लावायला शर्ट वर केला आणि थबकला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कोपरावर उठून बघायला लागला.

"औषधं काय चालू आहेत?"

लेकीने डोळे मिटून घेतले. मी सांगितलं, "पाळणा लांबवायच्या गोळ्या."

डॉक्टर म्हणाला, "तुमच्या नको, मावशी. याच्या सांगा."

"त्याच. मी खात नाही. ही खाते. रोज एक, मी देते."

 पायाशी जाऊ उभी होती, तिच्या हातातली पिशवी खाली पडली. डॉक्टराने मला पुन्हा विचारलं, किती महिने, कशासाठी, कोणी सांगितलं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, मोठ्याने, कारण हळू बोलून आता काय वाचणार होतं? त्याने एकच सांगितलं. पायात रक्ताची गाठ झाली आहे, त्या गोळ्यांनी होते, आणि ती वर सरकली तर माणूस तिथल्या तिथे जातो. या गोळ्या देताना पोटरीबद्दल विचारतात, म्हणाला. "तुम्हाला कोणी विचारलं नाही?"

"विचारलं ना. दर खेपेला विचारलं. मला विचारलं."

तो डोक्याला हात लावून उभा राहिला. मीही. प्रेशर माझं बघितलं, पोटरीचं मला विचारलं, आणि गोळी दुसरीच्याच पोटात.  

संध्याकाळी वऱ्हांड्यात जाऊ जवळ येऊन बसली.  "म्हंजे जाऊबाई, तो मोटारवाला..."

"मोटार बघायला यायचा."

"आन् ते तरणं?"

"ते पण मोटारच."

"अगं बाई." तिचा चेहरा असा पडला, की तिचंच काही मोडलं असं वाटावं. मग तिने आत खाटेकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला. "मला वाटलं तुमचं काही असंल. हे तर... हे तर लयच." उठून गेली. रात्रीपर्यंत गावात कोणाला सांगायचं ठेवलं नसणार. पण सकाळी डबा घेऊन आली. भाकरी दोघींना पुरून उरेल एवढी. 

नर्सबाईही आल्या. खाटेच्या कडेला बसून म्हणाल्या, "मला खरं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर दिल्या असत्या?"

"नसत्या दिल्या."

"मग कोणी दिल्या असत्या?"

त्यांनी लेकीच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. 

लेक वाचली. रक्त पातळ करायच्या गोळ्या लागल्या, पायाला कायमचा जडपणा राहिला, आणि माझ्या हातातली गोळी बंद झाली. घरी आल्यावर ती पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. एका सकाळी उठून बसली. "आई, बास झालं. मी जाते."

"कुठे?"

"तुला माहीत आहे कुठे."

"डोकं फिरलं का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. सुरी लागली तर थेंब थांबणार नाही. मरशील."

"माहीत आहे," ती म्हणाली.

दाईची हकीकत ऐकली तेव्हा हादरले होते, वॉर्डात हादरले होते. पण हे दोन शब्द ऐकून मला जे झालं ते कशातच बसत नाही. तिला मरायचं नव्हतं. तिला फक्त अजून थांबायचं नव्हतं, आणि त्यासाठी मरण चालणार होतं.

रडून उपयोग नव्हता, आणि मला रडता येतही नाही. मी खुंटीवरची पिशवी घेतली, त्यात दोन लुगडी टाकली आणि चपला घातल्या.

"तू कुठे निघालीस?"

"तुझ्याबरोबर. जन्मलीस तेव्हा दाईपुढे मीच होते, आताही मीच बसते. डोकं मांडीवर घेईन. बघते कशी कापते. चल, ऊठ. गाडी चुकेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी दारात उभी राहिले. खोटं बोलत नव्हते, ती निघाली असती तर गेले असते. उन्हं अंगणाच्या निम्म्यापर्यंत आली तरी आम्ही तशाच, ती अंथरुणावर, मी उंबऱ्यात. शेवटी ती म्हणाली, "मुंबईची गाडी किती वाजता?"

"आत्ता आहे एक."

तो आम्हाला बोलावलेला दिवस नव्हता, हातात चिठ्ठीही नव्हती. आजवर कोणी पाठवलंच नव्हतं त्या हार्मोनच्या विभागात आम्ही जाऊन जमिनीवर बसलो, लेकीचा पाय लांब करून. शिपाई उठवायला आला तर मी म्हटलं, उचलून टाक. तेवढ्यात एक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पाय बघून वाकल्या. कधीपासून येता, विचारलं. आम्ही सांगितलं. "इतकी वर्षं? आणि रक्त कोणी तपासलं?"

"कोणी नाही."

"एकदाही नाही?"

"बघून घेतलं, शिकाऊ पोरांना दाखवलं, लिहून घेतलं. रक्त नाही काढलं."

त्या सरळ उभ्या राहिल्या. आपल्याच दवाखान्याच्या भिंतींकडे अशा बघायला लागल्या जशा पहिल्यांदाच तिथे आल्यात. मग आत नेलं. त्या दिवशी त्या दवाखान्यात पहिल्यांदा माझ्या लेकीचं रक्त काढलं. पहिल्यांदा तिला कोणी विचारलं, "तुला काय नावाने हाक मारू?" तिने हळूच सांगितलं. ते नाव मीही तेव्हाच ऐकलं.

थांबणं संपलं नाही. आधी पाय, मग तपासण्या, मग त्या पायाला चालतील अशी औषधं, मग वरची ती परवानगी. पण आता प्रत्येक वेळी कोणीतरी दंडाला पट्टा बांधायचं, आणि तो तिचा दंड असायचा. सिंहस्थ होऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षी तारीख मिळाली. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिला मिसरूड होती, आता तिचे केस कानांवर पिकायला लागले होते.

सकाळी तिला आत नेलं. मी जिन्यात बसले. संध्याकाळ होईल, कदाचित रात्रही होईल, असं धरून दोन्ही वेळच्या पोळ्या बांधून आणल्या होत्या. माणसाला पुन्हा घडवायचं म्हणजे वेळ लागणारच. जेवणाची वेळ व्हायच्या आत डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "झालं, मावशी."

मला वाटलं, गेली. "काय झालं?"

"ऑपरेशन झालं. चांगलं झालं. शुद्धीवर येतेय."

"सगळं?"

"सगळं."

"एवढंच काम होतं?"

ते हसले. बहुतेक त्यांना वाटलं, मी आभार मानते आहे. चहा प्यायला निघून गेले. मी पोळ्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिले. एका सकाळचं काम. मी एक वाफा खुरपते त्यालाही तेवढाच वेळ लागतो. एका सकाळसाठी हमालाची सुई, गावभर बोभाटा, खांबाएवढा पाय, "माहीत आहे" म्हणणारं पोर. इतक्या वर्षांत यांना एक सकाळ मोकळी सापडली नाही. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही मला ते खरं वाटत नाही.

आत गेले. ती पांढरी पडली होती, पण छाती वर-खाली होत होती. ती मी आधी बघितली. तिने डोळे किलकिले केले, ओठ हलवले. "पाणी."

सिस्टर तिकडून म्हणाली, "पाणी नाही द्यायचं अजून. त्यांना सांगा, थोडं थांबा म्हणावं."

ते मला तिला सांगता येईना. मी नळाखाली पदराचं टोक भिजवलं, पिळलं आणि तिच्या ओठांवरून फिरवलं.